हुपरीकरांचा चोक

पेठ वडगाव
ता. २२ मार्च १९५४

रा. रा. नृसिंह हुपरीकर, मोटार मेकॅनिक, मंगळवार पेठ, कोल्हापूर यांस
आप्पासो मगदूम, गुळाचे अडते, यांचा जयजिनेंद्र.

एका बाकावर बसून शिकलो म्हणून आजवर तुला अरे-तुरे केलं. ते आज संपलं. गिऱ्हाइकानं मेकॅनिकाशी बोलावं तसं बोलणार आहे, तुम्हीही तसंच बोला.

माघात तुम्ही माझ्या मोटारीचा मूळचा, आपोआप चालणारा चोक काढलात. त्या जागी तार ओढून डॅशबोर्डावर एक गुंडी बसवलीत. वर मला शिकवलंत की गार इंजिनाला वारं कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, म्हणून सकाळी गुंडी ओढायची, इंजिन तापलं की आत ढकलायची. मी ओढली. मी ढकलली. आता तुमच्या त्या गुंडीनं काय केलं ते ऐका.

शनिवारी आमच्या त्रिशलाचा मॅट्रिकचा पहिला पेपर होता. आमच्या घरात इथवर पोचलेली ही पहिली मुलगी. कोल्हापुरात कुणाकडं ठेवावी, तर परक्या चुलीवर दिवस मावळायच्या आत जेवण आणि गाळलेलं पाणी कोण सांभाळणार? म्हणून मी स्वतः गाडी घेऊन निघालो. शिरोली सुटली आणि मागनं काळा धूर. पंचगंगेच्या पुलावर गाडी बसली ती बसलीच. हँडल मारून मारून माझे खांदे निकामी झाले. शेवटी पोरीला उसाच्या बैलगाडीत बसवली, पुढं टांगा केला. शाळेच्या दारात पोचलो तेव्हा वेळ टळलेली. आत घेतलं नाही. पोरगी दारात नुसती उभी राहिली. ती रडली नाही, मी रडलो.

हे वर्ष तुमच्या चोकनं खाल्लं. वडगावात जो भेटेल त्याला मी हेच सांगतो आहे, आणि सांगत राहणार. गाडी तुमच्या दारात आणून सोडतो. ती गुंडी काढा आणि आपोआप चालणारा चोक बसवा.

आप्पासो मगदूम


कोल्हापूर
ता. २७ मार्च १९५४

रा. रा. शेटजी आप्पासो मगदूम यांस,
नृसिंह हुपरीकर याचा दुरून नमस्कार.

अहो-जाहो हवं ना? घ्या पोटभर.

पोरीचं वाईट वाटलं. ती लहानपणी माझ्या गॅरेजात येऊन पाने-पकडी ओळीनं मांडून ठेवायची. तिच्याऐवजी तुमचं वर्ष गेलं असतं तर मी पेढे वाटले असते.

आता चोकचं बोला. गुंडी ओढलेली राहिली की कार्बोरेटरचा गळा आवळलेला राहतो. वारं मिळत नाही, नुसतं पेट्रोल आत जातं, प्लग काळे पडतात आणि इंजिन बुडतं. काळा धूर निघाला असं तुम्हीच लिहिता. म्हणजे गुंडी आत ढकलायला तुम्ही विसरलात, दुसरं काय? नाचता येईना अंगण वाकडं! शाळेत गणित चुकलं की पाटी खराब म्हणायचात, ती खोड गेली नाही.

मूळचा चोक मी हौसेनं काढला नव्हता. त्याच्या डबीतली स्प्रिंग मोडली होती. उष्णता लागली की ती उलगडते आणि गळ्यातली पट्टी उघडते. तसली स्प्रिंग इथं मिळत नाही. मिळाली असती तरी मी हातचोकच घ्या म्हटलं असतं, कारण तो माणसाच्या हातात राहतो. अर्थात माणूस धड पाहिजे.

आणखी एक. कार्बोरेटरच्या तोंडावरचा हवेचा डबा, तेलाचा, मी साफ करून ठेवला होता. तुम्ही म्हणालात, "वाजतो, टाका काढून." का, ते देव जाणे. उघड्या तोंडाची गाडी धूळ खाते, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

गाडी माझ्या दारात असताना रंकाळ्याला फिरवली, कसबा बावड्याला नेऊन आणली. घोड्यासारखी पळाली. धुराचं नाव नाही. तेव्हा बोंब मारायची तर स्वतःच्या नावानं मारा.

नृ. हुपरीकर


पेठ वडगाव
ता. १८ एप्रिल १९५४

हुपरीकर यांस,

मी गुंडी ढकलली होती. ढकलली होती, ढकलली होती. हे पुन्हा लिहिणार नाही.

मुंबईला माणूस पाठवला आणि जुन्या बाजारातून याच जातीच्या कार्बोरेटरचा आपोआप चोक आणवला, स्प्रिंगसकट. गाडीबरोबर आणून देतो. तो बसवा. उपदेश नको.

घाई का, तेही ऐकून ठेवा, म्हणजे हातचलाखी करणार नाही. घरात शब्द चालतो तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. आई गेल्यावर मला तिनं वाढवलं, माझी बायको गेल्यावर त्रिशलाला तिनंच वाढवलं. सांगलीचं एक स्थळ तिच्या मनात भरलं आहे. घर मोठं, धर्माचं, सून शिकलेली नको म्हणणारं. मी अक्काच्या पाया पडलो. म्हटलं, "पोरीची काय चूक? यंत्रानं दगा दिला." तिनं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "यंत्राचा दोष पोरीच्या माथी मारणार न्हाय मी. ऑक्टोबरात बसू दे परत. पण तेव्हा नाही जमलं तर मग मला काय सांगायचं न्हाय." सांगलीला तिनं तसा निरोपही धाडला.

म्हणजे ऑक्टोबरला गाडी पुलावर बसली तर त्रिशला मांडवात बसेल. एस.टी.चा भरवसा तुम्हाला माहीत आहे, सकाळची गाडी भरून येते आणि वडगावला थांबतच नाही. कळलं? आता बसवा.

आप्पासो मगदूम


कोल्हापूर
ता. १० मे १९५४

शेटजी यांस,

तुमचा मुंबईचा दागिना बसवला. मनाविरुद्ध बसवला, पण जीव ओतून बसवला, कारण काम ते काम. गार इंजिनावर पट्टी मिटते, तापलं की हळूहळू उघडते. सकाळी पाहिलं, भर दुपारी पाहिलं. पन्हाळ्याच्या घाटात चढवली. कुठं खोकली नाही.

गिऱ्हाईक म्हणून तुमच्या हाती देतो आहे. आता गुंडीच नाही, तेव्हा विसरायलाही काही उरलं नाही.

वडगावचे तिघे मोटारवाले माझ्याकडं यायचे. या महिन्यात एकही आला नाही. तुमची जीभ चांगलीच चालते म्हणायची. हे मी विसरणार नाही.

नृ. हुपरीकर


पेठ वडगाव
ता. २९ मे १९५४

हुपरीकर,

आधीचा बरा होता म्हणायची पाळी आणलीत! तुमच्या गुंडीवर निदान शिरोलीपर्यंत तरी जायची. आता टोपच्या अलीकडंच धाप लागते. धूर असा की मागचा सायकलवाला मला शिव्या देत उतरला. तुमच्या दारात घोडा, माझ्या दारात म्हैस, हा काय चमत्कार हाय हो? का तुम्ही गाडीलाच शिकवून ठेवलंय, वडगावात गेलीस की बस म्हणून?

काल चौकात मी मोठ्यानं सांगितलं, ज्याला गाडी मारायची असेल त्यानं ती मंगळवार पेठेत न्यावी. लोक हसले. त्रिशला शेजारी उभी होती. ती मात्र हसली नाही. घरी येऊन म्हणाली, "तात्या, काकांचं नाव कशाला घेता?" मी तिला गप बसवलं.

गाडी परत आणून सोडतो. शेवटची संधी.

आप्पासो मगदूम


कोल्हापूर
ता. २० जून १९५४

शेटजी यांस,

कसली संधी देता मला? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला!

प्लग काढून पाहिले. काजळी धरलेली, चुलीच्या तव्यासारखी. घासले, पुसले, गाडी सुरू केली. इथं पुन्हा चोख. मुंबईचा चोक उघडून पाहिला, त्यातही खोट नाही. मी रात्री जेवलो नाही, हे तुम्हाला कळून आनंद होईल.

म्हणून आता तिसरा उपाय केला आहे. चोकच काढून टाकला. पट्टी नाही, स्प्रिंग नाही, गुंडी नाही, कार्बोरेटरचा गळा मोकळा. सकाळी हँडल जरा जास्त मारावं लागेल, पण हवा उबदार आहे, सुरू होईल. निदान हुपरीकरांचा चोक खराब, हे तरी आता तुम्हाला म्हणता येणार नाही. जो नाहीच तो खराब कसा होईल?

नृ. हुपरीकर


पेठ वडगाव
ता. १२ जुलै १९५४

हुपरीकर,

चोक नाही, आणि सकाळी अर्ध्या हँडलात सुरू होते! आणि शिरोलीच्या नाक्यावर मरते. तोच काळा धूर, तेच काळे प्लग. आता काय काढून टाकता? इंजिन?

तुमच्यानं हे होत नाही, असं एक ओळीत लिहून द्या. ते अक्काला दाखवतो, चौकात वाचतो, आणि गाडी सांगलीच्या मेकॅनिकाकडं नेतो. सांगलीचंच सगळं चांगलं असं अक्का म्हणते, तिचंही समाधान होईल.

आप्पासो मगदूम


कोल्हापूर
ता. ९ ऑगस्ट १९५४

आप्प्या, अरे गाढवा!

अहो-जाहो गेलं खड्ड्यात. तुझं बाराचं पत्र वाचलं आणि महिनाभर डोक्यात एकच घोळत राहिलं. चोकचं काम काय? गळा आवळून वारं तोडणं. पट्टीच काढली तर वारं तुटणार नाही. मग सकाळी गार इंजिन अर्ध्या हँडलात सुरू कसं होतं? तापल्यावर बुडतं का? म्हणजे चोक हाय! माझा नव्हे, मुंबईचा नव्हे, दुसराच कुणीतरी तिचा गळा धरून बसलाय.

काल बाजारादिवशी एस.टी.नं वडगावला आलो. तू अडतीवर होतास. तुला न विचारता तुझ्या अंगणात गेलो आणि बॉनेट उघडलं.

कापड! पाणी गाळायचं जाड, दुहेरी कापड, कार्बोरेटरच्या तोंडावर सुतळीनं घट्ट आवळलेलं! पेट्रोलच्या उचकीनं भिजून मेणकापड झालेलं! मी हात घातला तशी ओसरीवरनं अक्का म्हणाल्या, "नृसिंहा, हात लावू नको त्याला. आत वाऱ्याबरोबर जीव जातात. आमचा आप्पासो रोज बांधतो." मी बॉनेट मिटलं. अक्कांसमोर एक शब्द काढला नाही, कारण तोंडात आलेला एकही शब्द त्यांच्यासमोर काढण्यासारखा नव्हता. पाणी प्यायलो आणि निघालो.

आता सगळं कळलं. तेलाचा डबा वाजत नव्हता, त्यात मेलेले किडे तुला दिसले होते. आणि माझ्या दारात गाडी आणताना तू ते कापड सोडून खिशात घालत होतास, म्हणून ती इथं पळायची. चोर तू, आणि उलट्या बोंबा माझ्या नावानं! पाच महिने माझ्या नावाला काळं फासलंस. बापानं लोहाराच्या भात्यावर कमावलेलं नाव होतं ते, तुझ्या गुळाच्या ढेपेसारखं तोलून विकत घेतलेलं नव्हतं.

गाळण्या! शाळेत होतास तसाच राहिलास.

येत्या बाजारादिवशी मी वडगावच्या चौकात उभा राहणार. ते कापड अक्कांकडून मागून घेणार आणि सगळ्यांना दाखवून सांगणार, चोक हुपरीकरांचा खराब नव्हता, मगदूम शेटजींनी पोरीचं वर्ष स्वतःच्या हातानं सुतळीनं आवळलं. बघू मग कोण हसतंय.

नृसिंह


पेठ वडगाव
ता. ११ ऑगस्ट १९५४

नृसिंह,

हे पत्र माणसाबरोबर पाठवतो, पोस्टानं उशीर होईल. वाच, मग हवी तेवढी बोंब मार.

व्हय, मी बांधतो. वाटेत बसली तर बैल जुंपून आणतो, पण तुझ्या गल्लीच्या तोंडाशी कापड सोडतो. का सोडतो? कारण बोर्डिंगात मी नळाच्या पाण्याला कापड लावायचो तेव्हा "गाळण्या, माझ्या ताटातला मुंगळा गाळ" असं म्हणून सगळ्या वर्गाला माझ्यावर हसवणारा तूच होतास. आज पन्नाशीला टेकलो तरी तुझ्या पत्रात तोच शब्द आला. तुझ्या तोंडातनं तो परत ऐकायचा नव्हता म्हणून सोडत होतो. ऐकलाच शेवटी.

पण कापडानं इंजिन बुडतं हे मला माहीत नव्हतं. पुलावर कळलं. तू चोर म्हणालास ते इथं खरं आहे, आणि का ते तुला सांगावंच लागतंय, कारण तू चौकात उभा राहिलास तर माझी नव्हे, पोरीची माती होईल.

त्या दिवशी पुलावर बॉनेट उघडलं तर कापड काळं ठिक्कर, पेट्रोल ठिबकतंय. लहान पोराला कळलं असतं. मी सुतळीला हात घातला. तर त्रिशला म्हणाली, "तात्या, सोडू नका." नदीकाठची सकाळ, पंखांच्या बारीक किड्यांचे थवेच्या थवे हवेत. पोरीनं परीक्षेसाठी नेम घेतला होता, पेपर संपेपर्यंत आपल्यापायी एक जीव जाऊ द्यायचा नाही. अक्कानंच सांगितला होता नेम, यश यावं म्हणून. मी म्हटलं, "बाळ, वर्ष जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. कापड काढून गाडी नेलीत तर मी वर्गात बसून काय लिहिणार?" मी बाप आहे, तिला ओरडलो, हात जोडले. ती बैलगाडीत चढून बसली.

आता अक्काचं ऐक. अक्काला हे कळलं तर ती पोरीवर चिडणार नाही. ती तिची दृष्ट काढेल. वडगावभर सांगेल, सांगलीला सांगेल, आमची पोर पेपर सोडते पण नेम सोडत नाही, असं रत्न कुठं मिळणार! सांगलीवाले दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन दारात येतील. आणि अक्का म्हणेल, तिनंच निवडलं, मग आता परीक्षा कशाला? ऑक्टोबर मिळाला तो एवढ्यासाठीच, की दोष यंत्राचा होता. म्हणून मला खराब चोक हवा होता, नृसिंह. दुसरं कुणाचं नाव माझ्याजवळ नव्हतं.

एकदा बोलल्यावर मागं फिरता येईना. शिवाय तुला शिव्या घालताना बरंही वाटत होतं, ते कशाला लपवू? गाळण्याचा हिशेब होता जुना.

त्रिशला आत्ताही कापडाशिवाय गाडीत बसणार नाही म्हणते. नेम ऑक्टोबरपर्यंत वाढवलाय तिनं. ऑक्टोबरला पुन्हा पूल आहे आणि मला काही सुचत नाही. तुला चौकात बोलायचं तर बोल. तुझा हक्क आहे.

आप्पासो


कोल्हापूर
ता. १४ सप्टेंबर १९५४

आप्पासो,

तुझ्या पत्राचं उत्तर देत नाही. गेल्या बाजारांना मी चौकात आलो नाही, त्याचा अर्थ मी तुला माफ केलं असा घेऊ नकोस. माफबिफ काही नाही. फक्त कामाचं लिहितो.

माणूस धाडून आणवलेली तुझी गाडी परत पाठवतो आहे, बरोबर एक पिंजरा. तारेचा, पाण्याच्या घागरीएवढा. तो कार्बोरेटरच्या तोंडावर नळीनं बसवला आहे. त्याच्यावर पातळ, एकेरी मलमल ताणून बसवायची, जाडं कापड नव्हे. तू रुपयाएवढ्या भोकावर दुहेरी कापड आवळत होतास, सगळी ओढ तेवढ्याच जागी. आता तेच वारं घागरभर कापडातनं येईल. ओढ इतकी हळू की वर माशी बसली तर आपली आपण उडून जाईल. मी उदबत्ती धरून बघितलं, धूर रेंगाळत आत जातो. जीव मरत नाहीत. पोरीला सांग, नेम मोडणार नाही. मलमल अक्कांकडून शिवून घे. मोठं गाळणं आहे म्हण, त्यांना पटेल.

मी उदबत्ती धरून मुंग्या-माश्या तपासत बसलो होतो. काय दिवस आणलेस!

चोकचं. मुंबईचा तुझा दागिना जूनमध्ये काढला तो पडून होता, डब्यात घालून दिला आहे. विक नाहीतर पूजा कर. आपोआप चोक इंजिनाच्या उष्णतेवर चालतो. तुझा रस्ता असा की बाजारात थांब, नाक्यावर थांब, बैलगाडीमागं थांब. जरा थंडावलं की तो पुन्हा मिटायला बघतो. मी पुन्हा हातचोकच बसवला आहे, तीच गुंडी. सकाळी ओढायची, वाठारला पोचेतो आत. आधी खराब नव्हता, आताही खराब नाही. पण हे मी तुलाच लिहितो आहे, आणि दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही.

पेपरच्या आधी चारदा पुलापर्यंत नेऊन आण. बसली तर निरोप धाड, मी पुलावर येईन. तुझ्यासाठी नव्हे.

नृसिंह


पेठ वडगाव
ता. २४ ऑक्टोबर १९५४

नृसिंह,

पेपर झाले. सगळे. गाडी एकदाही बसली नाही. धूर नाही. त्रिशला रोज उतरल्यावर आधी मलमल बघायची, मग वर्गात जायची.

आता दुसरं. काल मी अडतीवरनं घरी आलो तर ओसरीवर तू उभा, टोपी हातात, आणि अक्का तुला झाडत होती. मी दाराआड थांबलो, ही माझी चूक. तू म्हणत होतास, "चोक माझाच कुचकामी होता, अक्का. बसवताना हात चुकला. पोरीचं वर्ष माझ्यापायी गेलं. आता दुरुस्त करून दिलाय." शेजारची माणसं कुंपणावरनं ऐकत होती. अक्का म्हणाली, "एवढा मोठा मेकॅनिक म्हणवतोस आणि पोरीच्या आयुष्याशी खेळतोस? बापाच्या नावाला बट्टा लावलास की!" बापाचं नाव निघालं तेव्हा तू वर बघितलंस. मला वाटलं आता फुटतो हा. तू म्हणालास, "व्हय, लावला." आणि चालता झालास.

तुला कुणी सांगितलं होतं हे करायला? मी सांगितलं नव्हतं. गप बसला असतास तरी पुरे होतं. आता आयुष्यभर तुझ्यासमोर मान खाली घालायची का मी? मला हे सहन होत नाही, नृसिंह. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

त्रिशलानं आतनं सगळं ऐकलं. संध्याकाळी जेवली नाही. म्हणते, "पेपर झाले, आता मी अक्काला खरं सांगते. काकांचं नाव परत द्यायला पाहिजे." निकाल डिसेंबरात. मी तिला चार दिवस थांबवलं आहे. काय सांगू तिला, ते तू कळव.

आप्पासो


कोल्हापूर
ता. २७ ऑक्टोबर १९५४

आप्पासो,

तुझी मान खाली गेली तर जाऊ दे, तशीच छान दिसते. त्यासाठी मी आलो नव्हतो.

सांगलीवाले दिवाळी झाली की अक्कांकडं येणार हे मला गुळाच्या एका गाडीवानाकडून कळलं. निकालाच्या आधीच ते घाई करणार आणि अक्का डळमळणार, हे तुझ्या डोक्यात आलं नसेल, माझ्या आलं. यंत्राचा दोष अक्कांना विसरू द्यायचा नव्हता. गाडी नीट पळायला लागल्यावर तुझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला नसता, म्हणून ज्याचा दोष त्यानंच जाऊन सांगितला. दारात वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बापाचं नाव निघेल असं धरून चाललो नव्हतो. घरी येऊन मंडळींशी विनाकारण भांडलो.

त्रिशलाला माझा निरोप दे, शब्द न बदलता. काका म्हणतो, गप बस. निकाल लागू दे. पास झालीस की राजाराम कॉलेजात नाव घाल. नाव घातल्यावर अक्का विचारतील, तेव्हाही गप बस, कारण कॉलेजातनंही पोरी काढून आणता येतात. पुढं शिकून, पायावर उभी राहून, अक्कांच्या शेजारी बसून सांगावंसं वाटलं तर सांग. तोवर मी असलो तर ऐकीन, नसलो तरी चालेल. वडगावच्या मोटारी सांगलीला जातात तर जाऊ देत. कोल्हापुरात मोटारी कमी नाहीत.

आणि तू माझ्या दारात येऊ नकोस. गाडी आली तर तुझ्याशिवाय येऊ दे. पोरीला चालवायला शिकव, कॉलेजला स्वतः येईल. गुंडी कधी ओढायची आणि कधी सोडायची, हे तिला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं.

नृसिंह